पुस्तक स्वस्त, कोड महाग

अमेरिकेतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र हाती पडलं की खर्चाचा तक्ता घरातल्या सगळ्यांना पाठ होतो. ट्यूशन, राहणं, जेवण, आरोग्य विमा. त्याखाली एक ओळ असते 'बुक्स अँड सप्लाइज' अशी, आणि तिच्यासमोर वर्षाला हजार ते तेराशे डॉलर. डॉलरला ८८ रुपये धरले तर हे झाले लाखाच्या आसपास. ट्यूशनच्या पंचवीस-तीस लाखांपुढे या लाखाकडे कोण बघतो? आई-वडील तो आकडा मुकाट्याने बेरजेत धरतात आणि पुढे जातात.

पण तक्त्यातल्या ज्या ओळी विद्यार्थ्याच्या हातात आहेत, त्यांतली ही मोठी. ट्यूशनमध्ये घासाघीस होत नाही, विमा बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो. पुस्तकांचा खर्च मात्र शून्यापासून त्या आकड्यापर्यंत कुठेही जाऊ शकतो, आणि तो कुठे थांबणार हे बरंचसं पहिल्या दोन आठवड्यांत ठरतं.

तक्त्यातला आकडा सढळ हाताने लावलेला असतो, हे आधी लक्षात घ्या. तिथल्या कॉलेज-बुकस्टोअरच्या संघटनेने, म्हणजे नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेज स्टोअर्सने, केलेल्या पाहणीत २०२२-२३ या वर्षात विद्यार्थ्याने अभ्यास-साहित्यावर केलेला सरासरी खर्च २८५ डॉलर निघाला. म्हणजे तक्त्यातल्या आकड्याच्या पाव हिस्सा. अर्थात सरासरीत संगणकशास्त्राचा एमएस करणारा, ज्याचा खर्च शून्याजवळ असतो, तोही येतो आणि बॅचलर्सच्या पहिल्या वर्षाची इंजिनिअरिंगची मुलगीही येते, जिला कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री सगळंच एकदम घ्यावं लागतं. आपलं मूल यांपैकी कोणत्या टोकाला आहे, यावर बजेट बांधायचं. पुस्तकाला खरा खर्च येतो तो बॅचलर्सला.

आधी विचारायचा प्रश्न

पूर्वी मुलं सिलॅबस उघडून पुस्तकाचं नाव आणि किंमत बघायची. आता आधी बघायचं ते हे, की या विषयाला ॲक्सेस कोड लागतो का.

ॲक्सेस कोड म्हणजे प्रकाशकाच्या संकेतस्थळावर शिरण्याचा परवाना. तिथे ई-पुस्तक असतं, पण खरी गोम पुस्तकात नाही. दर आठवड्याचा गृहपाठ आणि क्विझ तिथेच असतात, तपासणीही यंत्रच करतं आणि गुण थेट प्राध्यापकांच्या वहीत जातात. तीन-चारशे मुलांच्या वर्गाला शिकवणाऱ्या माणसाला ही सोय फार मोठी, म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मोठ्या वर्गांत हे सर्रास आढळतं. गृहपाठाला विषयाच्या एकूण गुणांपैकी दहा-वीस टक्के असतील तर कोड न घेणं म्हणजे परीक्षेआधीच तेवढ्या गुणांवर पाणी सोडणं.

नावं ओळखीची करून घ्या, कारण सिलॅबसमध्ये 'कोड' हा शब्द नसतो, ही नावं असतात. पिअर्सनचं मायलॅब आणि मास्टरिंग. मॅग्रॉ-हिलचं कनेक्ट आणि अलेक्स. सेंगेजचं माइंडटॅप आणि वेबअसाइन. वायलीचं वायलीप्लस, आणि प्रोग्रॅमिंगच्या वर्गात हमखास भेटणारं झायबुक्स, तेही २०१९ पासून वायलीचंच. मॅकमिलन लर्निंगचं अचीव्ह. वर्गात बसल्या जागी मोबाइलवरून उत्तरं द्यायला लावणारं आयक्लिकर हेसुद्धा मॅकमिलनचं. हजेरी त्यावर घेत असतील तर पंधरा-वीस डॉलर तिथेही जातात.

एका विषयाचा कोड साधारण ८० ते १५० डॉलरला पडतो. झायबुक्ससारखं साहित्य ६० ते १०० च्या दरम्यान. कोड एकाच नावावर चालतो, मित्राबरोबर वाटून घेता येत नाही, सेमिस्टर संपलं की बहुधा बंद पडतो आणि विकता तर येतच नाही. सेकंडहँड पुस्तकाच्या आत चिकटवलेला कोड आधीच वापरलेला असतो, त्यामुळे 'कोडसहित, जुनं, स्वस्तात' अशी जाहिरात दिसली तर पुढे सरका.

हे असं का झालं

इथे थोडा मालकांचा इतिहास सांगायला हवा, कारण दर का वाढले आणि मग वेगळ्याच वाटेने का गेले, हे त्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेच्या श्रम-सांख्यिकी खात्याच्या आकड्यांप्रमाणे जानेवारी २००६ ते जुलै २०१६ या काळात कॉलेजच्या पाठ्यपुस्तकांच्या किमती ८८ टक्के वाढल्या. त्याच काळात एकूण महागाई २१ टक्के. कारण सरळ आहे. पुस्तक ठरवतो प्राध्यापक, पैसे भरतो विद्यार्थी, आणि प्राध्यापकाला नमुना प्रत फुकट मिळते. ज्याला भाव द्यावा लागत नाही त्याच्या हाती निवड असली की भावाला धरबंध राहत नाही.

मुलांनी आपापले मार्ग काढले. जुनी पुस्तकं, भाड्याची पुस्तकं, परदेशी आवृत्त्या. प्रकाशकाच्या दृष्टीने पुस्तक पहिल्या वर्षी खपतं, दुसऱ्या वर्षापासून जुन्या प्रती बाजारात फिरतात आणि त्यातला एक छदामही त्याच्याकडे येत नाही. म्हणून दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती काढायची. धड्यांमध्ये फारसा फरक नसायचा, पण गणितांचे क्रमांक बदलले की जुनी प्रत वर्गात निरुपयोगी.

याच सुमारास या कंपन्यांची मालकी बदलत होती. थॉमसनने आपला शिक्षण विभाग २००७ मध्ये अ‍ॅपॅक्स पार्टनर्स हा खासगी गुंतवणूक फंड आणि कॅनडाचा ओमर्स हा पेन्शन फंड यांना ७७५ कोटी डॉलरला विकला. त्याचं नाव झालं सेंगेज. असे फंड खरेदीचा मोठा भाग कर्ज काढून करतात, आणि ते कर्ज फंडाच्या नव्हे, विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर बसतं. आपल्याकडे वाडा विकत घ्यायचा आणि कर्जाचा हप्ता भाडेकरूंच्या भाड्यातून फेडायचा, त्यातला हा प्रकार. जुलै २०१३ मध्ये ५८० कोटी डॉलरच्या कर्जाखाली सेंगेज दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. पुढच्या वर्षी बाहेर आली तेव्हा ४०० कोटींच्या आसपास कर्ज माफ झालं होतं आणि कंपनी मुख्यतः देणेकऱ्यांच्या हातात गेली होती.

मॅग्रॉ-हिल आपल्याकडे टाटांच्या नावासकट माहीत. इंजिनिअरिंगच्या दोन पिढ्यांच्या कपाटात टाटा मॅग्रॉ-हिलची पुस्तकं होती. २०१३ मध्ये मूळ कंपनीने शेअर बाजाराचे आकडे आणि पतमानांकनाचा फायद्याचा धंदा स्वतःकडे ठेवला (आजची एसअँडपी ग्लोबल ती हीच) आणि पुस्तकांचा भाग अपोलो या गुंतवणूक कंपनीला विकला. हे अपोलो टायरवालं नव्हे आणि हॉस्पिटलवालंही नव्हे. त्याच वर्षी भारतात टाटा या भागीदारीतून बाहेर पडले. २०२१ मध्ये अपोलोकडून प्लॅटिनम इक्विटी या दुसऱ्या फंडाने मॅग्रॉ-हिल ४५० कोटी डॉलरला घेतली आणि जुलै २०२५ मध्ये तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आणले.

मधल्या काळात, मे २०१९ मध्ये, मॅग्रॉ-हिल आणि सेंगेज यांनी विलीन व्हायचं ठरवलं होतं. बाजारातली स्पर्धा टिकवायची तर बरीच पुस्तकं दुसऱ्यांना विकावी लागतील, अशी अमेरिकेच्या न्याय खात्याची भूमिका होती. वर्षभराने दोघींनी बेत सोडला. तो तडीस गेला असता तर तुमच्या मुलासमोरचे पाच पर्याय चार झाले असते.

लंडनची पिअर्सन कोणत्या फंडाच्या ताब्यात नाही, तिचे शेअर खुल्या बाजारात आहेत. पण तिथेही दिशा तीच. तिने २०१५ मध्ये फायनान्शियल टाइम्स जपानच्या निक्केईला विकलं, पुढे पेंग्विन रँडम हाउसमधला हिस्सा बर्टल्समानला दिला आणि जुलै २०१९ मध्ये जाहीर केलं की अमेरिकेतली १५०० पाठ्यपुस्तकं यापुढे आधी डिजिटल असतील. दर तीन वर्षांची छापील आवृत्ती बंद. ई-पुस्तक सरासरी ४० डॉलर, गृहपाठासकट सगळं ७९ डॉलरपर्यंत, छापील प्रत हवी तर भाड्याने, सरासरी ६० डॉलर, असे दर त्या वेळी सांगितले गेले.

कर्जाच्या हप्त्याला किंवा भागधारकांच्या तिमाहीला हवी असते ठरलेली, दर सेमिस्टरला येणारी रक्कम. पुस्तक एकदा विकलं की दहा हातांतून फिरतं. कोड प्रत्येक मुलाला नवा विकता येतो.

कंपन्या म्हणतात की आता खर्च कमी झालाय, आणि ते खोटं नाही. अडीचशे डॉलरच्या जाडजूड पुस्तकापेक्षा शंभर डॉलरचा कोड स्वस्तच. माझं म्हणणं एवढंच की पुस्तक महाग होतं तेव्हा तो खर्च चुकवायच्या चार वाटा होत्या. कोड स्वस्त असला तरी त्याला वाट नाही. म्हणून काटकसर कुठे करायची हे बदललं आहे. कोड लागतो त्या विषयात काटकसरीच्या मागे फार लागू नका, आणि लागत नाही तिथे नवं पुस्तक घेऊ नका.

सगळेच प्रकाशक फंडांच्या किंवा शेअर बाजाराच्या हातात नाहीत, हेही सांगायला हवं. डब्ल्यू. डब्ल्यू. नॉर्टन ही कंपनी तिच्या कर्मचाऱ्यांच्या मालकीची आहे. मॅकमिलन लर्निंग जर्मनीतल्या होल्ट्सब्रिंक कुटुंबाची. तिचा आणि आपल्याकडच्या शाळांत चालणाऱ्या मॅकमिलन एज्युकेशनचा गोंधळ करू नका. ती स्प्रिंगर नेचरची आहे, जरी त्या घरातही होल्ट्सब्रिंक आहेतच. पण कर्मचाऱ्यांच्या नॉर्टनलाही गृहपाठाचे कोड विकावे लागतात. एकदा प्राध्यापकांना सवय लागली की मालक कोण याला फारसा अर्थ राहत नाही.

इंडियन एडिशन न्यायची का?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जून-जुलैत परदेशी जाणाऱ्या मुलांच्या याद्या घेऊन पालक फिरताना दिसतात. तेच पुस्तक, तोच लेखक, किंमत अमेरिकेच्या पाव किंवा दहावा हिस्सा. मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर छापलेलं असतं की ही प्रत भारत, नेपाळ, श्रीलंका वगैरे देशांतच विक्रीसाठी. ते वाचून काहींना धास्ती वाटते.

धास्तीचं कारण नाही. सुपाप कर्टसेंग नावाचा थायलंडचा विद्यार्थी कॉर्नेलला गणित शिकत होता. त्याचे नातेवाईक तिकडून वायलीच्या आशियाई आवृत्त्या पाठवायचे, तो त्या इंटरनेटवर विकायचा. वायलीने दावा लावला. ज्यूरीने आठ पुस्तकांसाठी प्रत्येकी ७५ हजार, एकूण ६ लाख डॉलर दंड लावला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०१३ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला. परदेशात कायदेशीर छापलेली प्रत ज्याने विकत घेतली, तो ती पुढे विकूही शकतो. स्वतःच्या अभ्यासासाठी बॅगेत नेलेल्या पुस्तकाचा तर प्रश्नच नाही.

अडचण कायद्याची नाही, वेगळीच आहे. इंडियन एडिशनमध्ये अमेरिकेतला गृहपाठाचा कोड नसतो. बऱ्याच परदेशी आवृत्त्यांमध्ये उदाहरणांचे क्रमांक वेगळे असतात, काही धडे गाळलेले किंवा बदललेले असतात. प्राध्यापक म्हणाले, 'चौथ्या धड्यातली १२, १७ आणि ३१ करून आणा', तर तुमची ३१ वेगळीच निघते. शिवाय अशी दोन-तीन पुस्तकं म्हटली की तेवीस किलोच्या बॅगेतले पाच-सहा किलो गेले.

माझा सल्ला असा. एमएसला जाणाऱ्याने स्वतःच्या पदवीच्या वर्षांतली, खुणा केलेली, ज्यातलं कोणतं पान कुठे आहे हे ठाऊक असलेली दोन पुस्तकं न्यावीत. ती संदर्भाला लागतात. पहिल्या वर्षाच्या बॅचलर्सच्या मुलासाठी यादीबरहुकूम इथून पुस्तकं घेऊन पाठवू नयेत, कारण यादी तिथे पोचेपर्यंत बदलू शकते आणि ज्या विषयांना खरा खर्च आहे तिथे इथलं पुस्तक चालतच नाही.

बिलात आपोआप आलेली रक्कम

आता बरीच विद्यापीठं पुस्तकांचे पैसे ट्यूशनच्या बिलातच लावतात. 'इन्क्लुसिव्ह ॲक्सेस' म्हणजे एका विषयापुरतं, 'इक्विटेबल ॲक्सेस' किंवा 'फर्स्ट डे कंप्लीट' म्हणजे सगळ्या विषयांचं मिळून एकच सपाट शुल्क. पहिल्या दिवशी लॉग-इन केलं की पुस्तक समोर हजर. सोय आहे यात वाद नाही.

याला कायद्याची वाट करून दिली ती अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या एका नियमाने, जो जुलै २०१६ पासून लागू झाला. असे पैसे बिलात लावायचे तर दर बाजारापेक्षा कमी हवा आणि विद्यार्थ्याला नको म्हणण्याची मुभा हवी. त्यालाच ऑप्ट आउट म्हणतात. नियम सरकारी मदत घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पैशांबद्दल असला तरी बिलाची पद्धत सगळ्यांना एकच असते, त्यामुळे ही मुभा आपल्या मुलांनाही सहसा मिळते. ती एका ईमेलमध्ये किंवा विद्यार्थी-पोर्टलच्या एखाद्या कोपऱ्यात लपलेली असते आणि तिची मुदत पहिल्या दोन-चार आठवड्यांत संपते. ती तारीख विमानात बसायच्या आधी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.

नको म्हणायचं की नाही, यासाठी हिशेब करा. कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिसने २०२० मध्ये बॅचलर्सच्या मुलांसाठी तिमाहीला १९९ डॉलरने असं सपाट शुल्क सुरू केलं, पुढे ते १६९ वर आणलं. तीन तिमाही धरल्या तर १६९ च्या दरानेही वर्षाला ५०७ डॉलर होतात. वर सांगितलेल्या २८५ च्या सरासरीशी ताडून बघा. ज्या मुलीच्या चारही विषयांना कोड आहेत तिला हे फायद्याचंच, कारण सुटे घेतले तर एकाच तिमाहीत साडेतीनशे-चारशे जातील. जिला दोन विषयांना कादंबऱ्या आणि एकाला फुकट पुस्तक आहे, ती दुसऱ्याच्या कोडचे पैसे भरते आहे.

एक सावधगिरी. सपाट शुल्कात बहुधा सगळं घ्या किंवा सगळं सोडा असंच असतं. आणि एकाच विषयापुरतं नको म्हटलं, पण त्या विषयाला कोड लागतोच, तर तोच कोड बाहेरून जास्त दराने घ्यावा लागतो. म्हणून नको म्हणण्याआधी प्राध्यापकांना विचारा.

विद्यापीठाचं चिन्ह लावलेलं कॅम्पसवरचं दुकान विद्यापीठाचंच असेल असं समजू नका. शेकडो कॅम्पसवरची दुकानं बार्न्स अँड नोबल एज्युकेशन किंवा फॉलेट या दोन कंपन्या चालवतात. पहिलीचा रस्त्यावरच्या बार्न्स अँड नोबलच्या दुकानांशी २०१५ पासून मालकीचा संबंध नाही. 'फर्स्ट डे' हे तिचंच उत्पादन. तेव्हा दुकानदार सपाट शुल्काची भलामण करत असेल तर तो आपला माल विकतोय, एवढं ध्यानात असू द्या.

सबस्क्रिप्शन, भाडं, सुटी पानं

सेंगेजने ऑगस्ट २०१८ मध्ये 'अनलिमिटेड' काढलं: सेमिस्टरला ११९.९९ डॉलर, सेंगेजचं सगळं डिजिटल साहित्य खुलं, वेबअसाइन आणि माइंडटॅपसकट. नंतर दर थोडे सरकले. दोन विषय सेंगेजचे असतील तर हे डोळे झाकून घ्यावं. विचित्र वाटेल, पण ही योजना काढताना लेखकांशी सेंगेजचा वाद कोर्टापर्यंत गेला, कारण रॉयल्टी प्रतीमागे ठरलेली आणि आता प्रतच उरली नव्हती. पिअर्सनचं 'पिअर्सन प्लस' २०२१ मध्ये महिना ९.९९ डॉलरला एक ई-पुस्तक आणि १४.९९ ला सगळी, अशा दराने आलं. त्यात मायलॅब येत नाही. स्वस्त दिसलं म्हणून घेतलं आणि गृहपाठासाठी पुन्हा पैसे मोजले, असं होऊ देऊ नका.

भाड्याने घेण्यात अर्थ आहे, पण ॲमेझॉनने छापील पाठ्यपुस्तकं भाड्याने देणं २०२३ मध्ये बंद केलं, तेव्हा जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका. पंच केलेली सुटी पानं, ज्यांना लूज-लीफ म्हणतात, बांधीव प्रतीपेक्षा स्वस्त असतात. मात्र सेमिस्टर संपल्यावर दुकान ती बहुधा परत घेत नाही. पुढे विकायचं असेल तर जुनी बांधीव प्रत घेतलेली बरी.

फुकट आणि कायदेशीर

राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स हा उपक्रम २०१२ पासून पहिल्या वर्षाची पाठ्यपुस्तकं फुकट देतो. फिजिक्स, कॅल्क्युलस, बायॉलॉजी, केमिस्ट्री, इकॉनॉमिक्स, सायकॉलॉजी. पीडीएफ उतरवून घ्या, वाटा, छापा. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांना आणि कॅल-स्टेट विद्यापीठांना कायद्याने सांगितलंय की ज्या वर्गाला साहित्याचा खर्च नाही त्यावर वेळापत्रकातच खूण करायची. विषय निवडताना ती खूण बघितली तर शे-दीडशे डॉलर तिथेच वाचतात. पुस्तक ओपनस्टॅक्सचं आणि गृहपाठ मात्र पैसे मागणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर, असंही होतं; तेवढं तपासा.

संगणकशास्त्राचा एमएस करणाऱ्यांना तर हवं ते बरंचसं अधिकृतपणे फुकट मिळतं. जेफ एरिक्सन यांचं अल्गोरिदम्स, ऑपरेटिंग सिस्टिम्सवरचं थ्री ईझी पीसेस, गुडफेलो-बेंजिओ-कूरव्हिल यांचं डीप लर्निंग, सटन-बार्टो यांचं रीइन्फोर्समेंट लर्निंग, हेस्टी आणि सहकाऱ्यांचं स्टॅटिस्टिकल लर्निंग. ही सगळी लेखकांनी स्वतःच नेटवर ठेवलेली आहेत. या मुलांनी पुस्तकांसाठी तक्त्यातला लाख बाजूला ठेवण्यापेक्षा चांगल्या खुर्चीवर थोडे खर्च करावेत.

लायब्ररी आपली मुलं उशिरा शोधतात. नेमलेल्या पुस्तकाची प्रत बहुधा 'रिझर्व्ह'वर असते, दोन-तीन तासांसाठी मिळते. दुसऱ्या विद्यापीठातून पुस्तक मागवायचीही सोय आहे, बहुतेक ठिकाणी फुकट. नेमलेल्या पाठ्यपुस्तकाचं ई-पुस्तक मात्र लायब्ररीत शोधून सापडलं नाही तर ग्रंथपालाला दोष देऊ नका. मोठे पाठ्यपुस्तक-प्रकाशक ते ग्रंथालयांना बहुधा विकतच नाहीत.

झेरॉक्सचं काय? दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी लावलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळला. शिकवण्यासाठी केलेल्या प्रतींना आपला कायदा मोकळीक देतो. अमेरिकेत उलट आहे. किंकोज या फोटोकॉपी दुकानांच्या साखळीने प्राध्यापकांसाठी धड्यांच्या प्रती बांधून विकल्या म्हणून प्रकाशकांनी तिला कोर्टात खेचलं आणि १९९१ मध्ये किंकोज हरली. ती साखळी आज फेडेक्स ऑफिस नावाने चालते. तिथल्या काउंटरवर जाऊन अख्खं पुस्तक झेरॉक्स करायला सांगितलंत तर तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील.

चोरीच्या पीडीएफबद्दल सगळ्यांना माहीत आहे, म्हणून दोन वाक्यांत. सेंगेज, मॅकमिलन लर्निंग, मॅग्रॉ-हिल आणि पिअर्सन यांनी मिळून लिबजेन या चोरीच्या पुस्तकांच्या संकेतस्थळाविरुद्ध २०२४ मध्ये ३ कोटी डॉलरचा निकाल मिळवला आहे आणि कॅम्पसच्या वायफायवर असा उद्योग केला तर विद्यापीठाकडून नोटीस येऊ शकते. चोरीचं पुस्तक गृहपाठ करू देत नाही, त्यामुळे जिथे खरे पैसे जातात तिथे त्याचा उपयोगही नाही. गृहपाठाची उत्तरं विकणाऱ्या संकेतस्थळांपासून तर दूरच राहा: विद्यार्थी व्हिसावर असताना नक्कल केल्याचं प्रकरण निघालं आणि निलंबन झालं तर प्रश्न डॉलरचा राहत नाही.

कधी काय करायचं

निघण्यापूर्वी काही विकत घेऊ नका. २००८ च्या कायद्यामुळे कॉलेजांना विषयांच्या वेळापत्रकासोबत पुस्तकाचा आयएसबीएन आणि किंमत शक्य तिथे जाहीर करावी लागते, तेव्हा यादी आधीच करून ठेवता येते. यादी करा, खरेदी नको.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक प्राध्यापकाला किंवा टीएला, म्हणजे त्यांच्या साहाय्यकाला, तीनच गोष्टी विचारायच्या. कोड लागतो का, आधीची आवृत्ती चालेल का, प्रत लायब्ररीत रिझर्व्हवर आहे का. ते विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही, तिथली मुलंही हेच विचारतात. बहुतेक प्रणाली दोन आठवडे उधारीवर वापरू देतात, तेव्हा पहिला गृहपाठ पैसे न भरता होतो. त्या दोन आठवड्यांत विषय बदलला तर कोडही वाचतो.

'आधीची आवृत्ती चालेल' असं उत्तर आलं तर मोठी बचत. स्ट्युअर्टचं कॅल्क्युलस हे ठळक उदाहरण. जेम्स स्ट्युअर्ट यांनी त्या एका पुस्तकमालिकेच्या कमाईतून टोरांटोत इंटिग्रल हाउस नावाचं देखणं घर बांधलं. आवृत्त्या येत राहतात, अवकलन-संकलन तेच राहतं, आणि जुनी आवृत्ती पंधरा-वीस डॉलरला मिळून जाते. वर्गात वेबअसाइन लावलं असेल तर मात्र हा मार्ग बंद. स्ट्युअर्टचं पुस्तक सेंगेजचं आणि वेबअसाइनही २०१६ पासून सेंगेजचंच.

पैसे भरताना इथलं क्रेडिट कार्ड वापरू नका, परकीय चलनाचा अधिभार तीन-साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो. तिथलं बँक खातं पहिल्या आठवड्यात उघडतंच, ते डेबिट कार्ड वापरा.

कॅल्क्युलस एक, दोन, तीन अशा ओळीने येणाऱ्या विषयांना अनेक सेमिस्टर चालणारा कोड मिळतो, एका सेमिस्टरच्या कोडपेक्षा थोडासाच महाग. तो घेण्याआधी गणित विभागाच्या कार्यालयात एवढंच विचारा की पुढच्या फॉल सेमिस्टरलाही हेच पुस्तक आहे का. विभागाने मधल्या उन्हाळ्यात पुस्तक बदललं, तर उरलेल्या मुदतीचे पैसे कुणी परत करत नाही.